पिवळ्या रंगातलं ओके

आण्णा गेल्याचं वहिनीनं फोनवर सांगितलं आणि मी म्हणालो, "ओके."

यापुढं जे काही लिहिणार आहे ते या एका शब्दावर घातलेलं पांघरूण आहे, हे आधीच सांगून टाकतो. पांघरूण तोकडं आहे. डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात, पाय झाकावेत तर तोंड. आणि मला तर तोंडच झाकायचं होतं.

परवा उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या वसाहतीत, आमच्या फौंड्रीच्या फाटकासमोरच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो. जळक्या वाळूचा वास नेहमीसारखा अंगावर येत होता. बसायला टपरीवाल्यानं बाकड्याऐवजी कुठल्याशा पंपाचं लोखंडी कवच पालथं घातलंय. येणाऱ्याजाणाऱ्यांनी बसून बसून त्याची पाठ गुळगुळीत झाली आहे, बाजूंना गंज चढला आहे. ग्लास ठेवायला वाकलो, तर त्या गंजाखाली पुसटशी दोन रोमन अक्षरं दिसली. एक गोल आणि त्याच्या शेजारी तंगडी वर केलेला के. ओके. पिवळ्या ऑइलपेंटमधलं. वळण ओळखलं, हात माझाच होता. केव्हातरी मी हे ओतकाम तपासून पसंत केलं असणार, मग तिकडं गिऱ्हाइकानं ऑर्डर मोडली असणार, आणि अंगात काही खोट नसताना बिचारं लॉरीत चढायचं राहिलं असणार. आता त्याच्यावर बसून लोक मिसरी लावतात. माझा चहा निवून गेला. मला आण्णाचा गोठा आठवत होता.

फौंड्रीत मला 'क्वालिटीवाला' म्हणतात. ते कौतुक नाही, खात्याचं नाव आहे. साच्यातून निघालेलं ओतकाम वाळू झटकून, कडा घासून माझ्यापुढं येतं. मी त्याला हातोडीनं ठोकतो. अंगात भेग नसली तर ते घंटेसारखं वाजतं, असली तर फुटक्या मडक्यासारखं. मग गेज लावून मापं बघायची. जमलं तर पिवळ्या रंगात ओके, नाही जमलं तर लाल फुली, आणि लाल फुलीवाल्यानं परत भट्टीत जायचं. शब्दकोश उघडला तर ओकेचे अर्थ दोन ओळींत आटोपतात: ठीक, मान्य, पुरेसं, पसंत. पण वर्षानुवर्षं दिवसभर एकच शब्द लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत अर्थ केव्हाच झडून जातो. हात लिहितो आणि तोंड पुटपुटतं. देवळातल्या पुजाऱ्याचे ओठ हलतात, पण त्याच्या मनात भाजी कुठली आणायची ते चाललेलं असतं, तसं.

आणि आमच्या या सीमेवरच्या भागात या शब्दाचं पीक जरा जास्तच येतं. इथं दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. कचेरीत मराठीत बोलावं तर समोरच्याच्या कपाळावर आठी, आणि कन्नडमध्ये बोलावं तर ऐन वाक्याच्या शेवटी माझं क्रियापद मला सोडून पळून जातं. मग तो म्हणतो, "ओके?" मी म्हणतो, "ओके." काम होतं किंवा होत नाही, भांडण तेवढं होत नाही. दोन्ही बाजूंनी ज्याच्यावर हक्क सांगितलेला नाही असा हा एकच शब्द असेल. बेवारशी जनावरासारखा तो सगळीकडं फिरतो, कुणाच्याही दारात तोंड घालतो. साहेबाला 'ओके सर' म्हणायचं, म्हणजे ऐकलं. करीनच असं नाही. बायको 'ओके' म्हणते तेव्हा भांडण संपलेलं नसतं, पाव्हणे जाईपर्यंत तहकूब झालेलं असतं. आमच्या शेजारचा कारखाना बंद पडला तेव्हा मॅनेजर फाटकाशी उभा राहून एकेका कामगाराला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगत होता. सांगून झालं की पाठीवर हात ठेवून विचारायचा, "ओके?" आणि एकेक जण 'ओके' म्हणून, डब्याची पिशवी घेऊन बसथांब्याकडं चालायला लागायचा. मी आमच्या फाटकातून बघत होतो. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या शब्दानं प्रत्येकाच्या तोंडावर झाकण बसवलं आणि आतलं आतच राहिलं.

या शब्दाची चेष्टा करणारा एकच माणूस मला भेटला, तो आण्णा. माझा थोरला चुलतभाऊ. मी नोकरीला लागून टिळकवाडीत फ्लॅट घेतला आणि आण्णा गावाकडं, कंग्राळीत, शेताला धरून राहिला. तिथल्या तांबड्या मातीत रताळी अशी पोसतात की वेल उपटताना धरणाऱ्याचा तोल जावा. दरवर्षी नवरात्राच्या आधी आण्णाचा फोन यायचा. "रताळी काढल्यात. पिशवी घिऊन ये." मी म्हणायचो, ओके. आण्णा तिकडून विचारायचा, "व्हय का न्हाय ते सांग रं. ओके म्हंजे कंच्या पारड्यात टाकायचं?" मी पुन्हा ओके म्हणायचो, सवडीनं कधीतरी जायचो, आणि पिशवी हटकून विसरायचो. पिशवी नेण्याची आठवण मला कधी राहिली असेल तर ती परत येताना, रताळी वहिनीच्या जुन्या लुगड्यात बांधून स्कूटरच्या पुढ्यात ठेवल्यावर. वहिनी दरवेळी लुगडं द्यायची आणि दरवेळी म्हणायची, भाऊजी, ह्ये लुगडं तेवढं परत आणा. माझ्या बायकोनं त्या लुगड्यांची एक गोधडी शिवली आहे.

एकदा आण्णाला फौंड्री बघायची हुक्की आली. कानावर हात ठेवून भट्टी बघितली, मग माझ्यापाशी येऊन किती तरी वेळ मी ठोकून ठोकून ओके लिहितो ते बघत राहिला. शेवटी म्हणाला, "ह्यो गोल म्हंजे रताळं. आणि ह्यो शेजारचा त्येला लाथ घालतोय." त्यापुढं कितीक दिवस के लिहिताना माझा हात अडखळायचा. जाताना त्यानं तळाशी रंग उरलेला एक डबा मागून नेला. पुढच्या फेरीला बघतो तर बाजारात जाणाऱ्या रताळ्यांच्या प्रत्येक पोत्यावर पिवळं ओके. विहिरीच्या मोटारीवर ओके. गोठ्याच्या दारावर तर हातभर उंचीचं ओके, गोल रताळ्यासारखाच लांबट, आणि के खरोखरच लाथ घालणारा. म्हशीवरही लिहिणार होता. वहिनीनं डबा लपवला म्हणून म्हैस वाचली.

माघातल्या एका सकाळी तो त्याच गोठ्यात म्हशीला पाणी दाखवायला गेला आणि दावणीपाशी खाली बसला, तो उठलाच नाही.

आमच्याकडं त्या दिवशी बाहेरगावच्या गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला आला होता. तो समोर उभा, माझ्या एका हातात हातोडी, एका हातात गेज, आणि फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, ह्ये गेलं वो." मी म्हणालो, "ओके." वर आणखी म्हणालो, "ओके, ओके. बघतो." फोन ठेवला. पुढचं ओतकाम ठोकलं. आवाज स्वच्छ आला. त्याच्यावर पिवळी दोन अक्षरं काढली, आणि मग खाली वाळूत बसलो. तो गिऱ्हाइकाचा माणूस घाबरून पाणी आणायला धावला. तिथून कंग्राळीला कसा पोचलो ते मला सांगता येणार नाही. इतकंच सांगतो की बातमी माझ्या आत उतरली ती आवाजाच्या मागून, वीज चमकल्यावर गडगडाट येतो तशी. पण मधल्या त्या रिकाम्या क्षणात माझ्या तोंडानं आपलं काम उरकून टाकलं होतं.

आपण काय म्हणालो हे मला आठवतही नव्हतं. आमच्यात मयताला येणारी बाई वेशीपासूनच हंबरडा फोडते, आणि घरची बाई प्रत्येक नव्या माणसाच्या गळ्यात पडून नव्यानं रडते. वहिनी तशी रडत होती. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि ती गप्प झाली. तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं बघितलं. मला वाटलं, आण्णाच्या पाठचा म्हणून मला बघून तिचं रडं आटलं असेल. माणूस स्वतःविषयी किती चांगलं समजू शकतो, बघा.

मयताच्या घरी काही दिवस चूल पेटत नाही. भाऊबंद आळीपाळीनं भाकऱ्या घेऊन जातात, आणि घरच्यांना दोन घास बळंच खायला लावतात. ती भाकरी म्हणजे नुसतं अन्न नसतं. तिच्यातून सांगायचं असतं की तुमचं माणूस गेलं ते आमचंही गेलं, आणि खाणाऱ्यानं ती खाल्ली की ते म्हणणं पोचलं. आमची पाळी आली तेव्हा बायकोनं पहाटे उठून भाकऱ्या केल्या, झुणका केला. वहिनीनं ताट पुढं ओढलं, लेकाला वाढलं, पाव्हण्यांना वाढलं, आणि स्वतः पाणी पिऊन उठली. सगळी भावकी बघत होती. दुसऱ्या दिवशी चुलत्यांकडच्या भाकरीतली अर्धी चतकोर तिनं खाल्ली, तेही सगळ्यांनी बघितलं.

शेवटी मी आक्काला गाठलं. आक्का म्हणजे आण्णाची सख्खी बहीण, निपाणीत दिलेली, बिड्या वळणारी. तिच्या बोटांना कायमचा तंबाखूचा वास येतो आणि जिभेलाही तसलाच काहीतरी जाळ आहे. परसात धुण्याच्या दगडावर ती बसली होती. वहिनी माझ्याशी बोलत नाही, आमची भाकरी खात नाही, मी काय केलंय ते तरी कळू दे, असं म्हणालो.

"पैला फोन तिनं तुला केलता," आक्का म्हणाली. "शेजारच्यास्नी हाक मारायच्या आदी. गोठ्यातनंच, त्येचं डोस्कं मांडीवर घिऊन. तू काय म्हणालास?"

"काय म्हणालो?"

आक्कानं नुसती हनुवटी उचलून गोठ्याच्या दाराकडं दाखवलं. तिथं ते हातभर उंचीचं पिवळं ओके उन्हात लखलखत होतं. त्या क्षणी मला माझाच आवाज ऐकू आला, खांद्याशी दाबलेल्या फोनमधला, हातोडीसारखा कोरडा. त्या दारावर तो शब्द नसता तर मी कदाचित नाकबूल केलं असतं.

शहाणा माणूस यानंतर गप्प बसला असता. मी बाराव्या दिवसाची गर्दी ओसरल्यावर वहिनीला समजावून सांगायला गेलो. ती ओसरीवर पेरणीसाठी शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि त्या बाईला, जिचा नवरा तिच्या मांडीवर गेला होता, ओके या शब्दाचे उपयोग सांगितले. म्हटलं, इंग्रजीत त्याचा अर्थ 'बरं झालं' असा नाही. कधी त्याचा अर्थ नुसता 'ऐकलं' असा होतो, कधी 'पुढं सांगा', कधी तर काहीच होत नाही, नुसता हुंकार समजायचा. उदाहरणं दिली. बँकेतल्या माणसाचं दिलं, डॉक्टरचं दिलं. मी बोलत होतो आणि शेंगा कडाकड फुटत होत्या. सगळं झाल्यावर ती वर न बघता म्हणाली, "तुमचं बरोबर आसंल, भाऊजी. तुमी शिकल्यालं." एवढं बोलून सूप उचलून आत गेली. फाशीची शिक्षा ऐकून वर त्या निकालाचं व्याकरण तपासणारा आरोपी माझ्याखेरीज दुसरा नसेल.

पाडव्याला, मयतानंतरचा पहिला मोठा सण म्हणून, रीतीप्रमाणं आम्ही पोळ्या घेऊन गेलो. वहिनीनं डबा ठेवून घेतला, रिकामा करून धुऊन दिला. निघताना स्कूटर वळवायला गोठ्याकडं गेलो, तर म्हशीच्या पाटीत, आंबोणावर, आमच्या पोळ्या. म्हैस अगदी समाधानानं खात होती. त्या घरात माझ्या घरचं अन्न गोड मानून घेणारी ती एकटीच उरली होती, आणि तिलाही रंगापासून मी नव्हे, वहिनीनंच वाचवलं होतं.

त्या दिवसांत मी आक्काला विचारलं होतं, तुला फोन आला तेव्हा तू काय म्हणालीस? तिला प्रश्नच कळला नाही. काय म्हणायचं असतंय, म्हणाली. आलो म्हटलं. बिड्यांचं सूप मांडीवरनं खाली ठेवलं आणि एसटी धरली.

आलो. आमच्याकडं बायकाही 'आलो'च म्हणतात. पूर्वी मयताचा सांगावा घेऊन माणूस सायकलवरून गावोगाव फिरायचा. तो उंबऱ्याच्या आत यायचा नाही, पाणीही घ्यायचा नाही. बाहेरूनच सांगायचा, आणि आतून एकच शब्द यायचा: आलो. त्यावर तो सायकल वळवून पुढच्या गावाला जायचा. कुणी हळहळ शब्दांत मांडायची नाही, कसं झालं, कधी झालं विचारायचं नाही. ताटात हात असला तर हात धुवायचा आणि निघायचं. लहानपणी मी तो शब्द किती तरी वेळा ऐकला होता. शब्दकोशात त्याचा अर्थ बघायची वेळ कुणावर आली नसेल. मग फोन आले, आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला तो घामेजलेला माणूस दिसेनासा झाला. समोर कुणी उभं नसलं की तोंडाला आवर राहत नाही. मी आण्णाच्या मरणाची पोच दिली, माल मिळाल्याची देतात तशी. जायचं राहूनच गेलं. मी पोचलो खरा, पण त्या एका शब्दापुरता गेलो नाही, आणि वहिनीनं मोजलं ते तेवढंच. तिचं काय चुकलं?

मी ओके म्हणायचं सोडायला निघालो. बोलणं सोपं, उद्यमबागेत ओके सोडणं म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहणं. पण फोनवर तरी तोंडाला लगाम घातला. घंटी वाजली की आधी मनात 'आलो' म्हणायचो आणि मग फोन उचलायचो. दोनतीनदा ते बाहेरही पडलं. कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या एका मुलीला मी "आलो" म्हणालो. तिनं घाईघाईनं फोन ठेवला.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, गणपती गेले. कंग्राळीकडं जायला पाय उचलत नव्हता. नवरात्र जवळ आलं, तसं मी मनाला बजावलं की यंदा रताळ्यांचा फोन यायचा नाही. करणारा गेला, आणि जी उरली आहे ती आपलं तोंड बघत नाही. परवा त्या टपरीवरून उठून आत आलो, हातोडी हातात घेतली आणि फोन वाजला. वहिनीचं नाव दिसलं. माघानंतर पहिल्यांदा. तिचा मागचा फोन आठवला, आणि तिच्या घरात आता जायला लेकाशिवाय उरलंय कोण, तेही आठवलं. ती म्हणाली, "भाऊजी, रताळी काढल्यात." ओठांचा गोल झाला होता, ओ पुरा होणार होता. तो दातांखाली चावून धरला.

"आलो," म्हणालो.

आणि निघालो. पाळी संपायची होती, साहेबाला विचारलं नव्हतं, हेल्मेटऐवजी डोक्यावर फौंड्रीची पिवळी टोपी होती. गावाच्या कडेला जिथं आण्णाचे शेजारी रताळी लावायचे तिथं आता प्लॉटांचे दगड रोवलेत, त्यांच्यामधून स्कूटर दामटली. वहिनी अंगणात रताळ्यांच्या ढिगापाशी बसून माती झटकत होती. पोती भरून भिंतीला लावून ठेवली होती. यंदा एकाही पोत्यावर काही लिहिलेलं नव्हतं. घर दसऱ्यासाठी सारवलेलं, भिंतींना चुना दिलेला. गोठ्याच्या दाराला मात्र कुणी हात लावला नव्हता. उन्हापावसानं गोल निम्मा उडाला होता, शेजारचा लाथ घालणारा अजून पाय उचलून उभा होता. आपण लिहितो ते असंच राहत असेल. कुठं लोक त्याच्यावर बसून चहा पितात, कुठं एक बाई चुन्याचा कुंचा त्याच्या कडेनं फिरवून नेते.

मी धापा टाकत उभा राहिलो. वहिनीनं हातातलं रताळं ढिगावर टाकलं, माझी टोपी बघितली, कमरेला तशीच खोचलेली हातोडी बघितली, मग माझे रिकामे हात बघितले.

"कोण मेलं म्हणून पळत आलासा, भाऊजी? आणि पिशवी आजबी न्हाईच आणली."